कवीची चाल आणि शुबर्टचा घोडा

ग्योथेची ‘एर्लक्योनिग’ ही कविता १७८२ सालची. फ्रान्झ शुबर्टनं ती १८१५ मध्ये गाण्यात आणली, तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. आज जर्मनीबाहेर बहुतेकांना ही कविता माहीत आहे ती शुबर्टमुळे. ज्यानं ती लिहिली त्या कवीला मात्र कडव्यागणिक संगीत बदलत कविता अशी स्वरबद्ध करणं तत्त्वतःच मान्य नव्हतं. ज्यांना ही दोन्ही माणसं प्रिय आहेत त्यांच्यासाठी हा पेच अजून सुटलेला नाही.

आमच्या घरात तर तो भांडणाचा विषय आहे. माझ्या आत्यानं पुण्यात आयुष्यभर जर्मन शिकवलं. ही कविता तिला पाठ आहे आणि शुबर्टचं गाणं लावलं की ती मध्येच उठून ते बंद करते. मी पियानो वाजवते, बहुतेक वेळा गायकांच्या साथीला. या गाण्याची साथ माझ्या मनगटात मुरलेली आहे. आम्हा दोघींचं यावर अनेकदा बोलणं झालं, त्यातलं महत्त्वाचं इथे मांडते आहे. मी शुबर्टच्या बाजूची आहे. पण आत्याची बाजू तिच्या पूर्ण जोरानं यावी अशी माझी इच्छा आहे, कारण शुबर्टवर प्रेम करणारे ती नीट ऐकूनच घेत नाहीत.

आधी गोष्ट. रात्र, वारा, घोड्यावर बाप आणि त्याच्या कुशीत मूल. मुलाला मुकुट घातलेला एर्लक्योनिग, रानातला राजा, दिसतो. बाप म्हणतो, ते धुकं आहे. राजा खेळांची, फुलांची, सोनेरी वस्त्रांची लालूच दाखवतो. बापाच्या मते ती वाळक्या पानांतली सळसळ. माझ्या मुली तुला नाचून-गाऊन झोपवतील, असं राजा म्हणतो. बापाला तिथे जुनी, करडी वाळुंजाची झाडं दिसतात. शेवटी राजा जबरदस्तीवर येतो, आणि बाप घर गाठतो तेव्हा मूल गेलेलं असतं. आठ कडवी, बत्तीस ओळी. पहिलं आणि शेवटचं कडवं निवेदकाचं, मधली सहा त्या तिघांच्या बोलण्याची.

आत्या : तुम्ही सगळे शुबर्टपासून सुरुवात करता. ही कविता सुरू झाली वायमारजवळ टीफुर्टला, इल्म नदीच्या काठी. १७८२ च्या जुलैत तिथल्या बागेत, उघड्यावर, एक लहानसं गायननाट्य झालं. ‘दी फिशरिन’, म्हणजे कोळीण. ही कविता त्या नाटकातलं गाणं आहे. कोळ्याची मुलगी डोर्टशेन झोपडीपाशी एकटी आहे. बाप आणि होणारा नवरा यांना परतायला उशीर झालाय. ती हातातलं काम करता करता हे गाणं म्हणते. कोरोना श्रोएटर या नटीनं ती भूमिका केली आणि चालही तिनंच बांधली. साधी, छोटी, आठही कडव्यांना तीच. ग्योथे तिथे हजर होता, त्याला ती चाल चालली. कवीच्या डोक्यात या कवितेचं गाणं कसं होतं, याचा याहून मोठा पुरावा कुठला हवा?

मी : म्हणजे इतकं भीतीचं गाणं ती भीती न दाखवता म्हणते.

आत्या : दाखवायची गरजच नाही. जात्यावर बसलेली बाई एका ओवीत माहेरचं सुख गाते आणि पुढच्या ओवीत कोणाचं तरी मरण. चाल बदलते का? हात फिरतो आहे, जातं फिरतं आहे, आणि शब्द आपलं काम करताहेत. चाल तटस्थ राहते म्हणूनच शब्द आत जातात. इथेही तसंच. राजा आता बळजबरी करणार आहे, पोराचा जीव जाणार आहे, आणि चालीला त्याची खबरही नाही. ती आली तशी पुढच्या कडव्यावर येते. मला याच गोष्टीची भीती वाटते. शुबर्टचं वादळ ऐकून मी दचकते, पण ते वेगळं. आणि ज्या मुलीचा बाप अजून घरी आलेला नाही, ती हे बापलेकाचं गाणं म्हणते आहे, हेही तुम्ही कविता नाटकातून उचललीत तेव्हाच गेलं.

मी : ओवीत बोलणारी एकच असते, आत्या. इथे चौघं आहेत. निवेदक, बाप, मूल आणि राजा. चौघांना एकच चाल दिली की कोण बोलतंय ते ओळखायचा सगळा भार शब्दांवर पडतो. शिवाय ओळींची लांबी सारखी नाही. प्रत्येक ओळीत आघात चारच, पण मधली हलकी अक्षरं कधी कमी, कधी जास्त. कविता मोठ्यानं वाचताना घोडा धावल्यासारखा वाटतो तो त्या कमीजास्तपणामुळे. साध्या ठरीव चालीत बसवलं की घोडा पायरीनं चालायला लागतो.

आत्या : भार शब्दांवर नाही पडत, गाणाऱ्यावर पडतो. आणि तो तिथेच पडावा असं ग्योथेचं स्पष्ट मत होतं. वायमारच्या रंगभूमीवर एहलर्स नावाचा नट आणि गायक होता. १८०१ च्या आठवणींत ग्योथेनं त्याचं कौतुक केलंय, ते कशाबद्दल? एकाच चालीत प्रत्येक कडव्याचा वेगळा अर्थ उभा करायला तो न कंटाळता शिकत होता म्हणून. आणि तिथेच ग्योथे सांगतो की कडव्यागणिक संगीत बदलत नेण्याची जी रीत निघाली आहे ती निषेधार्ह आहे. तिच्यामुळे गीताचा एकूण भाव मोडतो आणि ऐकणारा सुट्या तपशिलांतच रमायला लागतो. हे कोणा संगीत न कळणाऱ्या माणसाचं मत नाही. त्यानं आयुष्यभर गाण्यांसाठी कविता लिहिल्या.

मी : पण शुबर्टला ही एकच चाल देण्याची रीत माहीत नव्हती, असं थोडंच आहे? ज्या वर्षी त्यानं ‘एर्लक्योनिग’ लिहिलं त्याच वर्षी ग्योथेचंच ‘हाइडेनरोसलाइन’ त्यानं स्वरबद्ध केलं. तिन्ही कडव्यांना एक चाल, साथीला अगदी मोजके सूर. त्या वर्षात त्यानं शंभराहून कितीतरी जास्त गाणी लिहिली आणि त्यांतली पुष्कळ अशीच आहेत. म्हणजे तो प्रत्येक कविता वाचून ठरवत होता की हिला काय हवं. फुलाच्या गाण्याला एक चाल पुरली. या कवितेला पुरणार नाही असं त्याला वाटलं.

आत्या : त्याला वाटलं. कवीला नाही.

(इथे मला थांबून एक सांगायला हवं. आत्या म्हणते त्यात हट्ट आहे, पण त्यामागे कविता वाचण्याची एक पूर्ण शिस्त आहे. कविता स्वतःच्या लयीवर उभी असते आणि संगीतानं तिला फक्त वाहून न्यावं, अशी ती शिस्त. ग्योथेचा बर्लिनचा मित्र त्सेल्टर मूळचा गवंडी. पुढे तो तिथल्या झिंगअकाडेमी या गायनसंस्थेचा प्रमुख झाला. त्याच्या चालींबद्दल ग्योथेनं त्याला कळवलं होतं की त्या आपल्या कवितांशी तत्काळ एकरूप होतात, दुसऱ्या संगीतकारांच्या बाबतीत मात्र त्यांनी कवितेचं काय केलं हे आधी तपासावं लागतं. शुबर्टनं काय केलं, हे तपासावंच लागतं.)

आत्या : आणि एका चालीत राहूनही राजाला वेगळं करता येतं. याच कवितेला रायशार्टनं दिलेली चाल तू वाजवली आहेस.

मी : हो. १७९४ चं. ते मलाही आवडतं. बाप आणि मूल चाल गातात, आणि राजाची कडवी आली की गाणारा एकाच सुरावर थांबून राहतो. मूळ चाल तेवढा वेळ पियानोत वाजत असते. राजा गात नाही, एका सुरात बोलत राहतो. कसलाही चढउतार नाही, म्हणून तो माणूस वाटत नाही.

आत्या : बघ. एवढीशी युक्ती, आणि कवितेला धक्का नाही. शुबर्टच्या एकवीस वर्षं आधी.

मी : युक्ती सुंदर आहे. पण त्या गाण्यातला राजा पहिल्या शब्दापासून भुताचा आवाज काढतो. अशा आवाजाला भुलून कुठलं पोर जाईल? कवितेतला राजा तसा बोलत नाही. तो लाडीगोडी लावतो. खेळ, फुलं, कपडे, मुलींचा नाच. मुलाला आधी तो आवडतो, निदान त्याचं ऐकावंसं वाटतं. शुबर्टला हे कळलं. त्यानं राजाला गोड केलं.

आत्या : फार गोड केलं.

मी : त्यावर येते, पण आधी घोडा. गाणं जी मायनरमध्ये सुरू होतं. उजव्या हातात एकाच सुराचं सप्तक, म्हणजे खालचा आणि वरचा जी एकत्र, एका मात्रेत तीन वेळा, आणि तेही मिनिटाला १५२ मात्रांच्या वेगानं. डाव्या हातात खालून वर झेपावणारी एक धाव आणि मग तीन सुरांत खाली उतरणं. गायक तोंड उघडायच्या आत पंधरा आवर्तनं हेच. एकूण गाणं १४८ आवर्तनांचं आणि या ठोक्यांना जवळजवळ उसंत नाही. मनगट सैल ठेवायचं, हात वर उचलायचा नाही, जोर काढून घ्यायचा आणि तरी सूर तुटू द्यायचा नाही. तिसऱ्या पानावर दंडातून कळ यायला लागते. शुबर्टला स्वतःलाही ते जड जात असे. त्यानं या गाण्याचे चार पाठ तयार केले, त्यांतल्या एकात उजव्या हाताला तीनाऐवजी दोनच ठोके आहेत, आणि साथ करताना तो स्वतः तसंच वाजवत असे, असं सांगतात.

आत्या : साथीदाराचे हाल ही गाण्याच्या थोरवीची खूण नव्हे.

मी : नाही, पण ते ठोके काय करतात ते बघ. जेव्हा निवेदक बोलतो, बाप बोलतो, तेव्हा घोडा धावतो आहे. पहिल्यांदा राजा बोलायला लागतो आणि काय होतं? पट्टी बदलते, बी फ्लॅट मेजर येतं, आणि ते सप्तकांचे ठोके नाहीसे होतात. डाव्या हातात मात्रा आणि उजव्या हातात तिच्यामागून हलके कॉर्ड, जवळजवळ नाचाची लय. दुसऱ्यांदा सी मेजर, आणि साथीत मोकळे, लाटेसारखे तुटक सूर, अगदी हळू. घोडा कुठे गेला? रस्त्यावर तो धावतोच आहे, बापाला तो ऐकू येतोच आहे. पण मुलाला आता येत नाही. त्याला फक्त राजा ऐकू येतो. म्हणजे त्या कडव्यांत पियानो मुलाच्या कानांनी ऐकतोय आणि आपल्यालाही त्याच कानांनी ऐकायला लावतोय. मग मूल ओरडतं, आणि त्याच क्षणी ठोके परत येतात. ते शुद्धीवर येतं, घोड्यावर परत येतं. हे कवितेत लिहिलेलं नाही. आणि हे एका चालीत कधीही सांगता आलं नसतं.

आत्या : तू आत्ता जे बोललीस ना, तीच माझी तक्रार आहे. कवितेत लिहिलेलं नाही. कवितेनं दोन्ही दारं उघडी ठेवली आहेत. मूल तापात बरळत असेल, किंवा राजा खरंच असेल. ग्योथे कुठेही सांगत नाही. राजाच्या ओळी तो मुलाच्या आणि बापाच्या ओळींसारख्याच, त्याच छंदात, नुसत्या मांडून ठेवतो. वाचणारा प्रत्येक वेळी स्वतः ठरवतो, आणि पुढच्या वाचनात वेगळं ठरवू शकतो. मी वर्गात ही कविता शिकवली तेव्हा काही मुलं बापाच्या बाजूची असत, काही पोराच्या. शुबर्टनं राजाला पट्टी दिली, लय दिली, साथ दिली. आता तो आहेच. बाप मूर्ख ठरला. एक दार बंद झालं.

मी : बाप मूर्ख ठरत नाही. त्याच्या ओळींत घोड्याचे ठोके अखंड चालू असतात. तो खालच्या सुरांत बोलतो, त्याचं वाक्य प्रत्येक वेळी ठाम जागी येऊन टेकतं. त्याचंही ऐकणं खरंच आहे, त्याला वारा आणि टापा ऐकू येतात, आणि त्या आहेतच. शुबर्टनं दोघांचेही कान दिले, एकामागून एक. फक्त तो दोघांपासून सारख्या अंतरावर उभा राहिला नाही. तो मुलाच्या जवळ गेला. मूल सांगतंय ते ऐकून घ्यायला हवं, एवढा निर्णय त्यानं केला. कवितेला निर्णय न करता राहता येतं, कागदावर सगळे आवाज एकाच शाईत असतात. संगीतात येताच तो करावाच लागतो. राजाला तोच सूर दिला, तर तो मनातला भास आहे असं ठरवल्यासारखं होतं. वेगळा दिला, तर तो बाहेर आहे असं. श्रोएटरच्या चालीनंही ठरवलंच होतं. तिनं ठरवलं की हे सगळं फार पूर्वी, दुसऱ्या कोणाचं घडलं. त्यात दुःख आहे, पण धोका नाही.

आत्या : हे मान्य करायला मला जड जातं, पण त्यात तथ्य आहे. तटस्थ राहणं हीसुद्धा एक बाजू आहे. तरी मी म्हणेन की ती कवीची बाजू होती.

मी : आता राजाचं तिसरं बोलणं. तो ई फ्लॅट मेजरमध्ये सुरू करतो, लाघवी आवाजात. पण या वेळी घोड्याचे ठोके थांबत नाहीत. नाच नाही, लाटा नाहीत. राजाचा आवाज आणि टापा पहिल्यांदाच एकत्र ऐकू येतात. म्हणजे बघ, आता भास आणि रस्ता यांच्यातलं अंतर संपलं. आणि त्याचं वाक्य डी मायनरमध्ये जाऊन आदळतं, जबरदस्तीच्या शब्दावर. मेजरचा मुखवटा तिथे गळतो. ‘फार गोड केलं’ म्हणालीस ना, तो गोडवा इथे वसूल होतो.

आत्या : आणि मुलाच्या हाका? तीन हाका, प्रत्येक वेळी आणखी वर. हा रंगभूमीचा ढोबळ मार्ग नाही का? कवितेत तिन्ही वेळा हाक अगदी त्याच शब्दांत आहे. ग्योथेनं एक अक्षर बदललं नाही. तीच हाक तिसऱ्यांदा आली की वाचणाऱ्याचं काळीज आपोआप वर चढतं. शुबर्टनं ते चढणं लिहून दिलं. वाचणाऱ्यासाठी काही ठेवलं नाही.

मी : नुसती वर नेली असती तर मीही ढोबळ म्हटलं असतं. पहिल्या हाकेत मूल ई फ्लॅट गातं तेव्हा पियानोत त्याच्या अगदी शेजारचा डी ठोकला जात असतो. दोन लगतचे सूर एकमेकांवर घासतात. पुढची हाक एक पूर्ण स्वर वर, एफ आणि ई. तिसरी फक्त अर्धा स्वर वर, जी फ्लॅट आणि एफ. म्हणजे मुलाचा सूर प्रत्येक वेळी साथीत बसत नाही, साथ त्याला जागा देत नाही. बाप त्याला घट्ट धरून आहे आणि तरी ते एकटं आहे, हे त्या घासण्यात आहे. शुबर्टचा मित्र श्पाउन याची आठवण आहे की हे गाणं प्रथम वाजवलं गेलं तेव्हा काहींनी या कर्कशपणावर माना हलवल्या, आणि रुझिच्का या त्यांच्या शिक्षकानं स्वतः पियानोवर बसून दाखवून दिलं की शब्दांना ते हवंच होतं.

आत्या : ती श्पाउनची आठवण फार वर्षांनंतरची आहे. शुबर्ट हातात पुस्तक घेऊन येरझारा घालत होता, एकदम बसला आणि भराभर गाणं कागदावर उतरवलं, घरी पियानो नव्हता म्हणून सगळे शाळेच्या वसतिगृहात धावले, त्याच संध्याकाळी गायलं. अशा गोष्टी मित्र प्रेमानं रचतात. अभ्यासकांनी तिच्यावर शंका घेतली आहे.

मी : घेऊ देत. गाणं किती वेळात झालं यानं मला काही फरक पडत नाही. पण कर्कशपणावर वाद झाला आणि त्याचं उत्तर शब्दांकडे बोट दाखवून दिलं गेलं, हे मला पटतं, कारण आजही दुसरं उत्तर देता येत नाही.

(पुढचा भाग आम्ही दोघी नेहमीच जपून बोलतो. १८१६ च्या एप्रिलमध्ये श्पाउननं शुबर्टच्या ग्योथे-गीतांचं एक बाड वायमारला पाठवलं, त्यात हे गाणं होतं. बाड परत आलं, सोबत उत्तर नव्हतं. १८२५ मध्ये शुबर्टनं स्वतः तीन गाण्यांचा छापील संच कवीला अर्पण करून पाठवला. ग्योथेनं रोजनिशीत तो आल्याची नोंद केली आणि उत्तर दिलं नाही. मधल्या काळात प्रकाशकांचा अनुभवही असाच होता. लाइपझिगच्या ब्राइटकोप्फ उंट हेर्टेलनं १८१७ मध्ये हस्तलिखित परत पाठवलं ते चुकून ड्रेस्डेनच्या दुसऱ्याच एका फ्रान्झ शुबर्टला, आणि त्या गृहस्थानं आपल्या नावावर असली रचना खपवल्याबद्दल संताप व्यक्त केला. शेवटी मित्रांनी वर्गणी जमवून १८२१ मध्ये ‘एर्लक्योनिग’ छापलं. त्याला ‘ओपस एक’ हा क्रमांक मिळाला. त्याच वर्षी ७ मार्चला फोगल या नामांकित गायकानं ते व्हिएन्नाच्या केर्न्टनरटोर नाट्यगृहात गायलं आणि लोकांनी ते पुन्हा गायला लावलं.)

मी : दोनदा पाठवलं, दोनदा मौन. मला या गोष्टीचा अजूनही राग येतो.

आत्या : ग्योथेकडे देशभरातून टपाल येत असे. सगळ्यांना उत्तर कोण देणार? आणि समज, त्यानं बाड उघडून पाहिलं, तर त्याला काय दिसलं असेल? ज्या गोष्टीला तो निषेधार्ह मानत होता, तिचा सगळ्यात टोकाचा नमुना. त्यानं खोटं कौतुक करायला हवं होतं का? मला त्याच्या मौनात उद्धटपणा दिसत नाही. त्याची निष्ठा दिसते.

मी : मग १८३० चं काय? श्रोएडर-डेव्रिएन्ट ही गायिका वायमारला आली आणि तिनं ग्योथेला हेच गाणं ऐकवलं. गेनास्ट या नटानं लिहून ठेवलंय की म्हाताऱ्यानं तिच्या कपाळाचं चुंबन घेतलं आणि सांगितलं, हे आपण पूर्वी ऐकलं होतं, तेव्हा मुळीच रुचलं नव्हतं, पण असं गायलं की सगळं चित्र डोळ्यांसमोर उभं राहतं.

आत्या : नीट वाच. तो म्हणतो, ‘असं गायलं की’. श्रेय गाणारीला आहे. एहलर्सला दिलं होतं तसंच. तीस वर्षांत त्याचं मत तसूभर हललेलं नाही. गायकानं अर्थ उभा करावा.

मी : आणि तोवर शुबर्टला जाऊन दीड वर्ष झालं होतं. १९ नोव्हेंबर १८२८. एकतिसावं वर्ष. काही असो, ते शब्द त्याच्यापर्यंत पोचले नाहीत.

आत्या : त्याचं वाईट मलाही वाटतं. मी कवितेच्या बाजूची आहे, त्या पोराच्या विरुद्ध नाही.

मी : गायकावरून आठवलं. १८१९ मध्ये श्टायर गावात मित्रांनी या गाण्यात भूमिका वाटून घेतल्या होत्या. बाप शुबर्ट, राजा फोगल, आणि मुलाच्या ओळी घरातल्या एका मुलीनं गायल्या.

आत्या : म्हणजे ऑपेराच झाला. कवितेचा जीवच गेला. चार माणसांचे चार आवाज हे तर कोणालाही जमेल. कविता आहे एका माणसाच्या तोंडी. डोर्टशेनच्या असो, आजीच्या असो, माझ्या वर्गातल्या मुलाच्या असो. एकाच्याच घशातून चौघं निघायला हवेत.

मी : इथे मी पूर्ण तुझ्या बाजूची. त्यांनी ते घरच्या करमणुकीसाठी केलं आणि शुबर्टनं गाणं एका आवाजासाठी लिहिलं, तसंच छापलं. चांगला गायक राजासाठी वेगळा माणूस होत नाही, तो आवाजातला फक्त भार काढून घेतो. मुलासाठी बोबडं बोलायला लागला की मी साथ करताना मनातून हरते. ते मूल आणि तो राजा एकाच छातीत आहेत, म्हणून तर ते भयंकर आहे.

आत्या : मग माझी ती दोन दारं पुन्हा उघडली, नाही का? एकाच छातीत आहेत म्हणतेस, म्हणजे राजा पुन्हा मनातला असू शकतो.

मी : हो. साथ दार बंद करते आणि आवाज ते उघडं ठेवतो. मी हे आधी या शब्दांत मांडलं नव्हतं, पण तू म्हणतेस ते खरं आहे.

आत्या : याच कवितेवरचं संगीतकार लोवचं गाणंही ऐक परत. १८१८ चं, तेही जी मायनर. त्याचा राजा फक्त एकाच कॉर्डच्या सुरांवर फिरतो, कुजबुजत. शुबर्टपेक्षा कमी बोलतो. मला तो जास्त पटतो.

मी : राजा लोवचा चांगला आहे. मुलाच्या हाका शुबर्टच्या. दोन्ही एका गाण्यात मिळणार नाहीत.

आत्या : आता शेवट. इथे माझा खरा विरोध आहे, बाकी सगळं सोडून देईन. शेवटच्या ओळीपर्यंत कविता वर्तमानकाळात धावते. शेवटच्या ओळीत ती एकदम भूतकाळात जाते. मूल कधी गेलं हे कोणालाच, निवेदकालाही, कळलेलं नाही. सगळं होऊन गेलेलं आहे. आणि कविता तिथे संपते. बापाची किंकाळी नाही, राजाचं हसणं नाही.

मी : ते शुबर्टनं जितकं ओळखलं तितकं कोणीच ओळखलं नाही. ठोके शेवटच्या कडव्यात आणखी जलद होतात आणि मग घोडा थांबतो. सगळ्या गाण्यात पहिल्यांदा माझा उजवा हात मोकळा होतो. गायक जवळजवळ बोलतो, रेसिटेटिव्हसारखं, साथीशिवाय. मध्ये एक कॉर्ड. तुझं ते काळ बदलणं पियानोत असं ऐकू येतं. धावणारं संगीत संपलं, आता फक्त सांगणं उरलं.

आत्या : तिथे थांबायला हवं होतं. पण तो थांबत नाही. शेवटच्या शब्दानंतर तुझे ते दोन कॉर्ड. मूल गेलं, आणि मग संगीतकार येऊन दार लावून घेतो. कवीनं जे उघडं सोडलं ते त्यानं व्याकरणशुद्ध करून टाकलं. ग्योथेनंतर बोलायचा हक्क त्याला कोणी दिला?

मी : शुमानसारखा कोणी संगीतकार असता तर पियानोला एक सबंध पान दिलं असतं शोक करायला. ‘डिख्टरलीबे’ या गीतमालेच्या शेवटी त्यानं दिलंच आहे, आणि तिथे ते शोभतं. शुबर्टनं या जागी शोक नाकारला. दोनच कॉर्ड, कोणत्याही मैफलीत शेवटाला येतात तसे अगदी सर्वसाधारण. बापाचं दुःख त्यात नाही, राजाचं जिंकणं नाही. मला तर वाटतं की सबंध गाण्यात तुझ्या टीफुर्टच्या चालीच्या सगळ्यात जवळचं काही असेल तर ते हेच. त्यांनाही काही पडलेली नाही.

आत्या : मग ते तसेच वाजव. तुझ्या त्या बहुतेक साथीदारांसारखं आधी लांब थांबू नकोस, आणि दोन्हींमध्ये श्वास घेऊ नकोस.

मी : मी थांबत नाही. गायकाचा शब्द संपला की लगेच वाजवते, एकाच जोरात, आणि दुसरा कॉर्ड लांबवत नाही. काही गायकांना ते आवडत नाही, त्यांना अजून थोडी शांतता हवी असते. त्यावर मी वाद घालते.